सहा तबकड्यांत मावलेला आणि न मावलेला काप्रा

हॉलिवूडचा जुना दिग्दर्शक फ्रँक काप्रा याच्या चित्रपटांचा ‘द प्रीमिअर फ्रँक काप्रा कलेक्शन’ हा सहा डीव्हीडींचा संच अमेरिकेत २००६ साली बाजारात आला. बेळगावात तो माझ्या हाती पडला तेव्हा त्याच्या खोक्याचे दोन कोपरे दबले होते, एक तबकडी खोबणीतून सुटून आत खुळखुळत होती आणि डीव्हीडी ही वस्तूच बहुतेक घरांतून माळ्यावर गेली होती. जुना माल ऑनलाइन विकणाऱ्या ज्या गृहस्थांकडून मी तो साडेतीन हजार रुपयांना घेतला, त्यांनी जाहिरातीत ‘उत्तम स्थितीत’ असे लिहिले होते. सुटलेल्या तबकडीवरचे ओरखडे पाहता त्यांची उत्तमाची कल्पना आमच्यापेक्षा बरीच उदार असावी. सुदैवाने ती तबकडी एका ठिकाणी दोन-चार सेकंद अडखळण्यापलीकडे काही त्रास देत नाही. दोन महिन्यांत संच पूर्ण पाहून झाला, त्यातले तीन चित्रपट दोनदा पाहिले, आणि माझे मत असे आहे की तो घेण्यासारखा आहे. मात्र तो कोणत्या क्रमाने पाहावा आणि त्यात काय नाही, हे घेणाऱ्याला आधी ठाऊक असलेले बरे.

त्याआधी एक व्यवहाराची गोष्ट. डीव्हीडी ज्या प्रदेशासाठी (रीजन) काढलेली असते, त्याच प्रदेशाच्या प्लेअरवर चालते. या तबकड्या अमेरिकेतल्या, म्हणजे रीजन १ च्या आहेत आणि आपल्याकडचे प्लेअर रीजन ५ चे. आमच्या घरच्या प्लेअरने पहिली तबकडी तोंडात घेऊन तशीच बाहेर ढकलली. संगणकाच्या ड्राइव्हवर रीजन बदलता येतो, पण तो मोजून पाच वेळाच; त्यानंतर ड्राइव्ह शेवटच्या निवडीवर कायमचा अडकतो. शेवटी रामलिंगखिंड गल्लीत दुरुस्तीचे काम करणाऱ्या एका कारागिराने रिमोटवर काही आकडे दाबून प्लेअर सगळ्या रीजनांसाठी मोकळा करून दिला आणि पैसे घेण्यास नकार दिला. ही सोय होणार नसेल, तर संच कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

संचात पाच चित्रपट आहेत: ‘अमेरिकन मॅडनेस’ (१९३२), ‘इट हॅपन्ड वन नाइट’ (१९३४), ‘मिस्टर डीड्स गोज टू टाउन’ (१९३६), ‘यू कान्ट टेक इट विथ यू’ (१९३८) आणि ‘मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन’ (१९३९). सहाव्या तबकडीवर काप्राच्या आयुष्यावरचा १९९७ सालचा माहितीपट आहे. म्हणजे ९४ वर्षे जगलेल्या आणि मूकपटांपासून दूरचित्रवाणीपर्यंत काम केलेल्या माणसाची जेमतेम सात वर्षे इथे हाती लागतात. ही सात वर्षे त्याच्या वैभवाची आहेत हे खरे. याच काळात त्याने दिग्दर्शनाचे तीन ऑस्कर मिळवले आणि त्या तीनही पुरस्कारांचे चित्रपट या संचात आहेत.

इथवर पोहोचण्याची त्याची वाट सरळ नव्हती. सिसिलीतल्या बिझाक्विनो या गावी १८ मे १८९७ रोजी जन्मलेला काप्रा सहा वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर जहाजाच्या तळातल्या सर्वांत स्वस्त वर्गातून अमेरिकेत आला आणि लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर वर्तमानपत्रे विकत शिकला. १९१८ साली त्याने रासायनिक अभियांत्रिकीची पदवी घेतली; ज्या महाविद्यालयातून घेतली त्यालाच पुढे कॅलटेक हे नाव मिळाले. पदवी असूनही नोकरी मिळेना. १९२२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्याने जो पहिला लघुपट केला तो किपलिंगच्या एका कवितेवर होता. पुढे हॅरी लँग्डन या विनोदी नटासाठी त्याने दोन यशस्वी मूकपट केले, त्या नटाशी बिनसले आणि १९२८ च्या सुमारास तो कोलंबिया या तेव्हाच्या गरीब स्टुडिओत चित्रपटामागे हजार डॉलरच्या मोबदल्यात रुजू झाला. तिथला मालक हॅरी कोन तोंडाचा फटकळ आणि पैशाला चिकट. या दोघांची भांडणे आणि त्यांतून निघालेले चित्रपट हीच पुढच्या दशकाची कथा आहे.

आता क्रमाविषयी. बहुतेक जण ‘इट हॅपन्ड वन नाइट’पासून सुरुवात करतील, कारण नाव त्याचेच आहे. मी सुचवेन की सनावळीने पाहावे आणि १९३२ पासून सुरुवात करावी. तसे केले तर काप्रावर नेहमी होणारा आरोप, म्हणजे तो भाबडा आहे आणि सामान्य जनतेच्या चांगुलपणाचा पाक ओततो हा, किती अर्धवट आहे ते तबकडीगणिक कळत जाते. या पाचही चित्रपटांत गर्दी आहे, आणि दर चित्रपटात काप्रा तिच्याकडे निराळ्या नजरेने पाहतो.

‘अमेरिकन मॅडनेस’ हा या संचातला सर्वांत कमी नावाजलेला आणि माझ्या मते संचाची किंमत एकट्याने वसूल करणारा चित्रपट आहे. टॉम डिक्सन नावाचा बँकेचा अध्यक्ष तारणापेक्षा माणूस पाहून कर्ज देतो. आपल्या भाषेतला ‘पत’ हा शब्द त्याच्या धंद्याला नेमका लागू पडतो. संचालक मंडळाला हे मान्य नसते. एका रात्री तिजोरीवर दरोडा पडतो, एक लाख डॉलर जातात, पहारेकरी मारला जातो, आणि सकाळी टेलिफोनच्या बोर्डावर बसलेल्या मुलीपासून निघालेली बातमी सलूनमधून, दुकानांतून, रस्त्यांवरून फिरत दर तोंडाला फुगत जाते. दुपारपर्यंत बँकेच्या दारात हजारो माणसे उभी असतात. वॉल्टर ह्यूस्टनने उभा केलेला डिक्सन या गर्दीला थोपवू पाहतो, तेव्हा ज्यांना त्याने कधीकाळी कर्जे दिली ती छोट्या धंद्यांतली माणसे पैसे काढायला नव्हे, भरायला येतात.

हे पाहताना मला खानापूर तालुक्यातल्या एका पतसंस्थेचे दार आठवल्याखेरीज राहिले नाही. पिग्मी, म्हणजे रोजची अल्पबचत, गोळा करणारा माणूस दोन दिवस आला नाही, एवढ्यावरून बाजारात कुजबुज सुरू झाली होती, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता पासबुके छातीशी धरलेल्या बायामाणसांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती. त्या रांगेत माझे वडीलही होते. आमच्या त्या संस्थेसाठी पैसे भरायला कोणीही आले नाही. शेजारचे काका एका राष्ट्रीयीकृत बँकेतून कॅशियर म्हणून निवृत्त झाले आहेत. घरी कन्नड आणि आमच्याशी मराठी बोलतात. त्यांना मी हा चित्रपट मुद्दाम बोलावून दाखवला. शेवट पाहून ते हसले, पण गर्दीचे प्रसंग पाहताना पुढे सरकून बसले होते. ‘‘लाइन वाढली की नोटांची बंडले काचेजवळ दिसतील अशी रचायची, ती आत ठेवायची नसतात,’’ एवढेच ते म्हणाले.

या चित्रपटाचा वेग आजही चकित करतो. बोलपटांना नुकती पाच वर्षे झाली होती आणि नट ध्वनिमुद्रणाच्या धाकाने संथ बोलत असत. काप्राने नटांची दारातून येणी-जाणी कापली, एकाचे वाक्य संपण्याआधी दुसऱ्याला बोलायला लावले आणि साठ सेकंदांचा प्रसंग चाळीस सेकंदांत खेळवला. तिजोरीचे अवाढव्य गोल दार सकाळी उघडते तेव्हाची शांतता आणि त्याच इमारतीतला नंतरचा गोंधळ यांतले अंतर तो वेगाने दाखवतो, संवादांनी नाही. हा चित्रपट १९३२ च्या ऑगस्टमध्ये लागला आणि पुढच्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या सगळ्या बँका सरकारी हुकमाने काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या, हे लक्षात घेतले की पडद्यावरची घबराट त्या प्रेक्षकांना किती जवळची वाटली असेल याचा अंदाज येतो. पटकथा रॉबर्ट रिस्किनची. काप्राच्या उत्तम बोलपटांपैकी बहुतेक रिस्किनने लिहिले, आणि श्रेय कोणाचे किती यावरून पुढे जे रामायण झाले त्याचे मूळ या जोडीच्या यशातच आहे. ‘काप्रा टच’चे फार कौतुक झाले म्हणून रिस्किनने कोरे कागद काप्रासमोर टाकून ‘आता यांना तो टच दे’ असे म्हटल्याची गोष्ट सांगतात. ती बहुधा रचलेली आहे, पण टिकून राहण्यासारखी आहे खरी.

दुसऱ्या तबकडीबद्दल, म्हणजे ‘इट हॅपन्ड वन नाइट’बद्दल, फार लिहिण्याची गरज नाही, कारण ती आपण सगळ्यांनी निरनिराळ्या वेशांत पाहिलेली आहे. माझी आई ८४ वर्षांची आहे आणि तिला इंग्रजी येत नाही, म्हणून मी चित्रपट थांबवत थांबवत मराठीत सांगत होतो. घरातून पळालेली श्रीमंताची मुलगी रात्रीच्या बसमध्ये बेकार पत्रकाराशेजारी येऊन बसली आणि आई म्हणाली, ‘‘अरे, हा तर राज कपूरचा पिक्चर की!’’ तिचे बरोबर होते. १९५६ चा ‘चोरी चोरी’ आणि १९९१ चा ‘दिल है के मानता नहीं’ हे दोन्ही याच झाडाचे. कोलंबियाला स्वतःचे मोठे तारे नसल्यामुळे क्लार्क गेबल एका स्टुडिओतून आणि क्लॉडेट कोल्बर्ट दुसऱ्यातून उसने आणले होते. कोल्बर्टने चार आठवड्यांच्या कामासाठी दुप्पट मोबदला, म्हणजे पन्नास हजार डॉलर घेतले. हा चित्रपट मोठा होणार असे तिलाही वाटत नव्हते. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक, अभिनेता, अभिनेत्री आणि पटकथा असे पाचही मुख्य ऑस्कर मिळाले. असे आधी कधी घडले नव्हते. एका खोलीत दोघांच्या मध्ये दोरीवर टाकलेल्या घोंगडीचा प्रसंग आणि बसमधल्या सगळ्या उतारूंनी मिळून गाणे म्हणण्याचा प्रसंग आईने दोनदा लावायला सांगितला. बेळगावहून पुण्याला रात्रीच्या बसने गेलेल्या कोणालाही ते उतारू ओळखीचे वाटतील. इथली गर्दी निरुपद्रवी आहे, तिला कोणाचे काही ओढून घ्यायचे नाही.

‘मिस्टर डीड्स’मध्ये मात्र ती हसते. व्हरमाँटच्या खेड्यात शुभेच्छापत्रांवरच्या कविता लिहिणाऱ्या आणि बँडमध्ये ट्यूबा वाजवणाऱ्या लाँगफेलो डीड्सला दोन कोटी डॉलरचा वारसा मिळतो आणि न्यूयॉर्कची वर्तमानपत्रे त्याला जाहीर थट्टेचा विषय करतात. गॅरी कूपरचा चेहरा या भूमिकेसाठीच घडवला असावा. डीड्स आपली संपत्ती जमीन गमावलेल्या शेतकऱ्यांना दहा एकर, एक घोडा, एक गाय आणि बियाणे देण्यासाठी वाटू लागतो, तेव्हा त्याला वेडा ठरवण्यासाठी खटला भरला जातो. त्या शेतकऱ्यांच्या रांगेचे चेहरे मी फार वेळ पाहत राहिलो. निपाणीच्या १९८१ च्या तंबाखू आंदोलनात हमरस्त्यावर ठाण मांडून बसलेले चेहरे ज्यांनी पाहिले किंवा वर्तमानपत्रांतल्या छायाचित्रांतून मनात साठवले, त्यांना ते परके वाटणार नाहीत. पण निपाणीचे शेतकरी आपल्या मालाला भाव मागत होते, कोणा धनवंताचे दान नव्हे. काप्राला हा फरक दिसत नाही, किंवा तो पाहू इच्छीत नाही. मोठ्या माणसाचे मन पालटले की व्यवस्था आपोआप सुधारते, हा त्याचा विश्वास मला या चित्रपटात सर्वांत जास्त खटकला. अभ्यासकांनी दाखवून दिल्याप्रमाणे स्वतः काप्रा राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टच्या आर्थिक धोरणांचा विरोधक होता. ते कळल्यावर मला फारसे आश्चर्य वाटले नाही.

‘यू कान्ट टेक इट विथ यू’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर का मिळाले, हे मला दुसऱ्यांदा पाहूनही उमगले नाही. रंगभूमीवर गाजलेल्या नाटकाचा गोंगाट पडद्यावर तसाच उतरला आहे. घरात नाचणारे, फटाके करणारे, झायलोफोन वाजवणारे सगळे एकदम बोलतात आणि विक्षिप्तपणा म्हणजेच स्वातंत्र्य असे आपल्याला पटवू पाहतात. कुबड्यांवर वावरणारा लायोनेल बॅरिमोर तेवढा लक्षात राहतो. संधिवाताने त्याचे चालणे खरोखरच अवघड झाले होते. आजोबांचा दंड भरण्यासाठी न्यायालयात शेजारीपाजारी खिशातली नाणी काढतात, हा प्रसंग मात्र १९३२ च्या बँकेतल्या रांगेचा धाकटा भाऊ आहे. ओरखड्यांची तबकडी नेमकी हीच होती, हे विक्रेत्याचे माझ्यावरचे उपकारच म्हणायचे.

पाचव्या तबकडीपाशी, ‘मिस्टर स्मिथ’पाशी, थांबावे लागते. मुलांच्या संघटनेचा भोळा पुढारी जेफरसन स्मिथ सिनेटवर नेमला जातो. मुलांच्या शिबिरासाठी त्याने मागितलेल्या जागेवरच त्याच्या राज्यातल्या पैसेवाल्यांना धरण बांधायचे असते, कारण तिथल्या जमिनी त्यांनी आधीच घेऊन ठेवल्या आहेत. त्याच्यावरच खोटा आळ घेतला जातो, आणि तो सभागृहात जवळजवळ चोवीस तास उभा राहून अखंड बोलतो, कारण नियमाप्रमाणे तो खाली बसेपर्यंत कोणी त्याला थांबवू शकत नाही. जेम्स स्टुअर्टचा आवाज शेवटी इतका घोगरा होतो की ऐकणाऱ्याचाच घसा दुखू लागतो. तो परिणाम साधण्यासाठी डॉक्टरकडून त्याच्या घशात औषधाचे थेंब टाकून घेतले जात. कोलंबियाच्या स्टुडिओत सिनेटचे सभागृह हुबेहूब उभारले होते. दर हिवाळ्यात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन भरले की आमच्या शहराचे रस्ते पोलिसांच्या अडथळ्यांनी भरतात, पण आतल्या नियमांचे नाट्य बाहेरच्याला कळत नाही. काप्रा ते नाट्य दहा मिनिटांत समजावून देतो, आणि तेही एका तरबेज सचिव मुलीच्या तोंडून, टोमणे मारत.

इथे गर्दी कुठे आहे ते पाहावे. स्मिथच्या राज्यातली वर्तमानपत्रे विरोधकांच्या मुठीत आहेत. मुले स्वतःचे पत्रक छापून वाटू लागतात, तर त्यांच्या गाड्यांना ठोकरले जाते. लहानपणी स्वतः पेपर विकलेल्या दिग्दर्शकाने हे चित्रित केले आहे, हे विसरता येत नाही. सभागृहात टोपल्या भरभरून तारा येतात, आणि त्या सगळ्या स्मिथच्या विरोधात असतात. खोट्यावर पोसलेली जनता त्याला वाचवायला येत नाही. त्याला वाचवते ती एका भ्रष्ट सिनेटरची अचानक जागी झालेली सदसद्विवेकबुद्धी, आणि हा शेवट इतका झटपट उरकला आहे की काप्राचाच त्यावर विश्वास नसावा असे मला वाटले. ऑक्टोबर १९३९ मध्ये वॉशिंग्टनमध्ये पहिला खेळ झाला तेव्हा अनेक सिनेटर संतापले, आणि लंडनमधील अमेरिकेचे राजदूत जोसेफ केनेडी यांनी हा चित्रपट युरोपात दाखवू नये असे कोनला कळवले. ज्याला आज देशभक्तीचा नमुना म्हणून दाखवतात, त्याला तेव्हा देशाची बदनामी म्हटले गेले. सात वर्षांपूर्वी बँक वाचवणारी जनता इथे बातम्यांच्या कारखान्यात हरवलेली आहे.

संच इथे संपतो, आणि माझी खरी तक्रार इथून सुरू होते. १९४१ च्या ‘मीट जॉन डो’मध्ये हीच गर्दी भर पावसात नायकावर उलटते, तो चित्रपट इथे नाही. १९४६ चा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ही नाही, ज्यात घरबांधणीसाठी कर्ज देणाऱ्या एका छोट्या संस्थेच्या दारात पुन्हा तशीच रांग लागते आणि नायक आपल्या मधुचंद्राचे पैसे वाटून ती थोपवतो. त्या संस्थेला आपण बिनदिक्कत पतसंस्था म्हणू शकतो. संच कोलंबियाच्या चित्रपटांचा आहे आणि हे दोन्ही चित्रपट कोलंबियाचे नव्हेत, त्यामुळे त्यांचे नसणे व्यवसायाच्या दृष्टीने समजण्यासारखे आहे. पण संचाच्या नावावर काप्राचा हक्क सांगायचा आणि त्याची निम्मी गोष्ट सांगायची, हे पटत नाही. ‘वंडरफुल लाइफ’ तोट्यात गेला, काप्राने सहकाऱ्यांबरोबर काढलेली स्वतंत्र कंपनी विकावी लागली, आणि पुढे १९७४ मध्ये स्वामित्वहक्काचे नूतनीकरण राहून गेल्यामुळे दूरचित्रवाणी वाहिन्यांनी तो फुकट दाखवता दाखवता अजरामर केला.

युद्धकाळातले काम तर सहाव्या तबकडीवर ओझरतेच येते. अमेरिकेचे लष्करप्रमुख जनरल मार्शल यांच्या सांगण्यावरून काप्राने अमेरिकी सैनिकांना युद्धाची कारणे समजावण्यासाठी ‘व्हाय वुई फाइट’ ही सात चित्रपटांची मालिका केली, आणि तिच्यातल्या पहिल्या भागाला ऑस्करही मिळाले. बेळगावच्या वाचकाला या मालिकेत रस वाटायला एक निराळे कारण आहे. कॅम्पात ज्या मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे, तिचे जवान काप्राच्या जन्मभूमीत, इटलीत लढले. नाईक यशवंत घाडगे आणि शिपाई नामदेव जाधव यांना तिथल्याच लढायांसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ही मालिका अमेरिकी सरकारची असल्यामुळे ती कोणालाही विनामूल्य पाहता येते, तेव्हा संचाबरोबर ती स्वतंत्रपणे पाहावी.

माहितीपट नेटका आहे, जुन्या मुलाखती छान आहेत, पण सूर घरच्या समारंभाचा. चित्रपटांवर मुलगा फ्रँक काप्रा ज्युनिअर याचे समालोचन आहे, तेही त्याच सुरातले. काप्राच्या १९७१ च्या आत्मचरित्रातले दावे आणि १९९२ मध्ये जोसेफ मॅकब्राइड यांनी लिहिलेल्या चरित्राने त्यांना लावलेली चाळणी, यांचा झगडा मला इथे हवा होता. एक प्रसंग तर मी मुद्दाम शोधत होतो. जानेवारी १९५२ मध्ये भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईत भरला, तेव्हा अमेरिकेचा प्रतिनिधी म्हणून काप्रा आला होता. आणि नेमक्या त्याच सुमारास त्याच्या स्वतःच्या देशात त्याच्या निष्ठेची चौकशी चालू होती. तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातच होता, म्हणजे एका अर्थाने तो आमच्याच राज्यात येऊन गेला. स्मिथची कहाणी सांगणाऱ्या माणसावर स्वतः आरोपीच्या जागी उभे राहण्याची वेळ यावी, यापेक्षा काप्राला शोभणारी पटकथा रिस्किननेही लिहिली नसती.

चित्राचा दर्जा डीव्हीडीच्या मानाने चांगला आहे. ‘अमेरिकन मॅडनेस’ची छपाई त्यातल्या त्यात अधिक जुनाट दिसते, पण काळ्या-पांढऱ्याच्या छटा शाबूत आहेत. इंग्रजी उपशीर्षके आहेत आणि काप्राच्या नटांचा वेग पाहता ती लावूनच पाहावे. सोबतच्या पुस्तिकेतली छायाचित्रे मात्र खोक्याच्या दबलेल्या कोपऱ्यामुळे खालच्या बाजूला वळली आहेत. पहिली तबकडी सध्या शेजारच्या काकांकडे आहे; त्यांच्या जुन्या शाखेतल्या दोघांना ती दाखवायची आहे म्हणून घेऊन गेले, त्याला आता तीन आठवडे झाले.